पुलाशी संपर्क नाही

११ सप्टेंबर १९४४, सोमवार. लिंकनशायर

आजची मोहीमही रद्द झाली. अशा किती झाल्या ते मोजणं मी सोडून दिलं आहे. पहिल्या वेळी गावातल्या पबची मालकीण मिसेस टॅपलो रडली होती आणि तिने आम्हाला केक दिला होता. दुसऱ्या वेळी नुसता केक. परवा तिने मान वर न करता विचारलं, "उद्या जेवायला आहात ना?" आणि आहोतच. तोंडाला काळं फासायचं, पॅराशूट पाठीवर बांधायचं, विमानाशेजारी गवतात बसायचं, आणि मग कोणीतरी सायकलवरून येऊन सांगायचं की आपले रणगाडे तिथे आधीच पोचलेत, परत जा. फ्रान्स असाच हातचा गेला. बेल्जियमही गेलं. आमच्या डिव्हिजनला उडी मारायला युरोपात जागा उरते की नाही, अशी काळजी कर्नल फेअरब्रास यांना लागून राहिली आहे.

संध्याकाळी टोबी आला होता. माझा धाकटा भाऊ, शेजारच्या तळावरच्या बटालियनमध्ये लेफ्टनंट. समोरच्या दातांत फट आहे, त्यामुळे हसला की अजून शाळकरीच दिसतो. आईचा काल टेलिफोन होता. हेरफर्डच्या घरामागच्या नासपती यंदा लगडल्या आहेत, उतरवायला दोघांपैकी एकाने तरी यावं म्हणते. शेवटी म्हणाली, "टोबीकडे लक्ष ठेव." ठेवतो म्हटलं. आमच्या घरात एवढं बोलणं म्हणजे पुष्कळ झालं. वडील गेले त्या दिवशी आई फक्त म्हणाली होती की आज चहाला थोडा उशीर होईल.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

नवी मोहीम, आणि ही दांडगी आहे. हॉलंडमधल्या आर्नहेमच्या पुलाजवळ आकाशातून उतरायचं, ऱ्हाइन नदीवरचा पूल ताब्यात घ्यायचा आणि दोन दिवस धरून ठेवायचा. तेवढ्यात दक्षिणेकडून आपले रणगाडे एकाच अरुंद रस्त्याने येऊन पोचणार. दोन्ही बाजूंना पाणथळ जमीन असल्यामुळे त्यांना रस्ता चुकायची भीती नाही, असं कर्नलसाहेबांनी समजावून सांगितलं. सगळी माणसं एका दिवसात नेणार नाहीत, कारण वैमानिक थकतील. तीन दिवसांत नेतील. उतरायचं मैदान पुलापासून आठ मैलांवर आहे, कारण जवळची जमीन मऊ आहे.

मी वायरलेसचा प्रमुख. आमचे संच तीन मैलांपर्यंत बोलतात. झाडी असेल तर तेवढंही नाही, आणि नकाशावर मैदान ते पूल सगळी झाडीच आहे. मी हात वर केला. "बोल, प्रॉथेरो," कर्नल म्हणाले. खोलीतले सगळे वळून बघायला लागले. कित्येक आठवड्यांनी सगळे इतके खुशीत होते. मागच्या महिन्यात एका कॅप्टनने शंका काढली आणि दुसऱ्या दिवशी मोहीम रद्द झाली, तेव्हापासून मेसमध्ये त्याच्याकडे कोणी मोहरीची बरणीही सरकवत नाही. मी विचारलं, "नाश्ता निघण्याआधी की उतरल्यावर, सर?"

"आधी. चांगला प्रश्न," कर्नल म्हणाले.

वेळ निभावून नेली याचं समाधान वाटलं. टोबीला मात्र नंतर सांगितलं की पुलावरून आमच्याशी बोलणं होईलच असं नाही. तो म्हणाला, "घरी तरी आपण कुठे बोलतो."

१६ सप्टेंबर, शनिवार

ग्लायडरमध्ये सामान भरताना पेच आला. कर्नलसाहेबांचा क्रोकेचा संच आहे. विजयानंतर डच लोकांना हिरवळीवर लाकडी हातोड्याने कमानींतून चेंडू कसा ढकलतात ते दाखवायचं त्यांच्या मनात आहे. माझा सार्जंट ऑग्डेन म्हणतो की तो संच ठेवला तर वायरलेसच्या जादा बॅटऱ्या बसत नाहीत.

"साहेब, हे खेळणं बाहेर काढा."

"कर्नलसाहेबांना वाईट वाटेल, ऑग्डेन."

"मग बॅटऱ्या काढू? जर्मनांना वाईट वाटायला नको."

ऑग्डेन लँकशायरचा आहे, तिकडची माणसं फटकळ, त्याच्या तोंडाला लागण्यात अर्थ नसतो. मी मधला मार्ग काढला. अर्ध्या बॅटऱ्या आणि अर्धा क्रोके, म्हणजे कमानी घेतल्या आणि हातोडे मागे ठेवले. दोघांचंही मन राखलं गेलं.

१७ सप्टेंबर, रविवार. आर्नहेमच्या अलीकडे

उतरलो! आभाळ निरभ्र, ऊन कोवळं, जर्मन जवळपास कोणी नाही. डच लोक चर्चमधून थेट आमच्याकडे धावत आले. सफरचंदं, दूध, फुलं, पापे. पुढे सरकायला वेळ लागला, कारण हस्तांदोलन न करता माणसाच्या समोरून जाणं बरं दिसत नाही. एका म्हाताऱ्याने तर रांग लावून घेतली. तोवर कुठूनतरी गोळीबार सुरू झाला.

टोबीची बटालियन मात्र नदीकाठच्या रस्त्याने निघून गेली. तो फूल खोचलेली टोपी हलवून गेला. त्यानंतर त्यांच्याकडून काही कळलेलं नाही.

आमचं मुख्यालय एका मोठ्या घरात लागलं आहे. हिरवळ चांगली असल्यामुळे कर्नलनी तेच निवडलं. मालकीण ब्रुमेलकांप बाई म्हणजे विधवा, आडव्या अंगाची, मुलींच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेली. त्यांच्या हॉलमध्ये भिंतीला टेलिफोन आहे.

"चालू आहे," त्या म्हणाल्या. "आर्नहेमात कुठेही लावा. वापरा खुशाल."

मी आभार मानले आणि सांगितलं की आम्हाला वापरता येत नाही. डच टेलिफोनवर विसंबू नये, पलीकडे कोण असेल सांगता येत नाही, असा लेखी हुकूम आहे.

"पलीकडे ज्याला फोन लावला तो असतो," बाई म्हणाल्या.

हुकूम त्यांनी काढलेला नाही, त्यामुळे त्यांना कळणार नाही.

१८ सप्टेंबर, सोमवार

दिवसभर पुलाशी वायरलेस जुळवायचा प्रयत्न केला. एकदा आवाज आला म्हणून ऑग्डेनने मला हाक मारली. लंडनहून नाचाची गाणी लागली होती. ऑग्डेन म्हणाला, "साहेब, पूल धरलाय वाटतं, पार्टी चाललीय."

दुपारी ब्रुमेलकांप बाई सूप ढवळत सहज म्हणाल्या की सकाळी बहिणीशी बोलले. ही बहीण अलायडा पुलाच्या अगदी तोंडाशी राहते. तिच्या स्वयंपाकघरात आमचे सैनिक शिरले आहेत. पुलाचं उत्तरेकडचं टोक त्यांनी धरून ठेवलं आहे, गोळ्या संपत आल्या आहेत. त्यांच्यातल्या दातांत फट असलेल्या एका अधिकाऱ्याने तिचा आलुबुखाराचा सगळा जॅम खाल्ला, आणि मग बरणी धुऊन पालथी घातली.

टोबी! बरणी धुऊन पालथी घालणं हे आईचं वळण. मला इतका आनंद झाला की मी सूप सांडलं. धावत कर्नलसाहेबांकडे गेलो.

"पूल आपल्याकडे आहे, सर."

"उत्तम. कोणी सांगितलं?"

"मालकीणबाईंच्या बहिणीने, सर."

"तिची आपली ओळख करून दिली आहे का कोणी?"

नव्हती. तेव्हा बातमीला आधार नाही असं ठरलं, आणि पूल आपल्याकडे आहे का हे बघून यायला दोन माणसं पाठवली. ती अजून परतलेली नाहीत. बाईंनी संध्याकाळी पुन्हा बहिणीला विचारून सांगितलं की ती तिकडेही पोचलेली नाहीत. कर्नलसाहेबांना ही बातमीसुद्धा नोंदवून घेता आली नाही.

१९ सप्टेंबर, मंगळवार

आज आपल्या विमानांनी रसद टाकली. रंगीबेरंगी पॅराशूट अगदी नेमक्या ठिकाणी उतरली. ठिकाण मात्र कालपासून जर्मनांकडे आहे. आम्ही चादरी हलवल्या, टेबलक्लॉथ हलवले, ऑग्डेनने शर्ट काढून हलवला. वैमानिकांना हुकूम आहे की खालच्या खुणांवर विश्वास ठेवू नये, जर्मन फसवत असतील. बिचारे खालून गोळ्या खात हुकूम पाळत होते, आणि एक विमान पेटून झाडीत गेलं. त्यांचं वाईट वाटलं.

एक पेटी चुकून आमच्याकडे, बाईंच्या कोबीत पडली. तिच्यात बटणांना लावायचं पॉलिश निघालं.

"चला," ऑग्डेन म्हणाला, "आता आपण मेलो तरी लांबून चमकू."

रणगाडे अजून त्या एकाच रस्त्यावर आहेत. पुढचा एक बंद पडला की मागचे सगळे थांबतात म्हणे. दोन दिवस होऊन गेले. संध्याकाळी कर्नलसाहेबांनी मान्य केलं की पुलापर्यंत पोचणं आपल्याला जमणार नाही. मला कागदावर मजकूर दिला: "कोणी येणार नाही. तुमच्या विचाराने करा." सांकेतिक भाषेत करून पुलाला वायरलेसने कळवायचं. कागद वरच्या खिशात ठेवला आहे. वायरलेस लागत नाही.

२० सप्टेंबर, बुधवार

टोबीशी बोललो!

सकाळी हॉलमधला टेलिफोन वाजला. बाईंनी उचलला आणि सरळ रिसीव्हर माझ्या कानाला लावला. मी स्वतः लावलेला नसल्यामुळे हुकूम मोडला असं म्हणता येणार नाही. बोलणं असं झालं:

"लायनेल? तू त्याच घरात आहेस म्हणे."

"हो. कसा आहेस?"

"मजेत. तू?"

"मीही. जेवतोस ना वेळेवर?"

"जॅम होता. संपला." मग मागे मोठा आवाज झाला. "माफ कर, इथे जरा गर्दी झालीय. जर्मन रणगाडे घेऊन आलेत. आमचे मेजरसाहेबही गेले, त्यामुळे या घरात आता मीच. तळघरात बरीच पोरं आडवी आहेत."

"अरेरे."

"तुम्ही निघालात का इकडे?"

कागद माझ्या खिशात होता. शर्टाला टोचत होता.

"टोबी, हे टेलिफोनवर बोलता येणार नाही."

"खरंच की. सॉरी." मग म्हणाला, "आईच्या नासपती उतरवल्या का रे कोणी?"

"माहीत नाही. विचारतो."

"वरच्या फांदीवरच्या माझ्यासाठी ठेवायला सांग. तिला शिडीवर चढू देऊ नका."

मग लाइन खरखरायला लागली. त्याचा आवाज छान वाटला. दिवसभर मला हलकं हलकं वाटत होतं.

बाई मात्र भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होत्या. "कॅप्टन, तुमच्या खिशात काय आहे ते मला विचारायचं नाही. पण येतोय किंवा येत नाही, एवढं सांगायला काय लागतं?"

"परवानगी लागते, बाई."

"मग विचारा."

विचारली. कर्नलसाहेब हिरवळीवर क्रोकेच्या कमानी रोवत होते, मनाला विरंगुळा म्हणून. हातोडे नाहीत हे त्यांना तेव्हाच कळलं आणि ते मनातून खचले. म्हणाले, "वायरलेसनेच कळव, प्रॉथेरो. वाईट बातमी टेलिफोनवर देणं बरं दिसत नाही." त्यांचंही खरं आहे. आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. टोबीला ते शब्द मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? वायरलेसवर निदान आकडे असतात.

२१ सप्टेंबर, गुरुवार

बॅटऱ्या संपत आल्या. उंचीवरून लागेल म्हणून मी आणि ऑग्डेनने संच माळ्यावरून छपरावर चढवला. कौलं निम्मी उडाली आहेत, त्यामुळे जागा भरपूर होती. तास दोन तास काही नाही. मग एकदम खरखर झाली आणि माणसाचा आवाज आल्यासारखं वाटलं. पूलच असणार. मी हेडफोन कानावर दाबून धरला.

खालून बाईंची हाक आली. "कॅप्टन, भावाचा फोन आहे."

"थांबायला सांगा," मी ओरडून सांगितलं, "मी त्याच्याशीच संपर्क साधतोय."

ऑग्डेनने माझ्याकडे बघितलं. "साहेब, मी बसतो संचापाशी. तुम्ही जा खाली."

"आता कुठे आवाज येतोय, ऑग्डेन."

"साहेब, तो खालीच आहे."

"तो टेलिफोनवर आहे. मला तो वायरलेसवर हवाय."

आवाज हळूहळू स्पष्ट झाला. एक बाई अंडी न घालता केक कसा करावा ते सांगत होती. मग बॅटरीच गेली. मी नोंद केली, "पूल: उत्तर नाही," आणि खाली आलो.

बाई रिसीव्हर दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. मी विचारलं, "ठेवला का त्याने?"

"नाही. लाइन चालू आहे. माणूस नाही."

मी कानाला लावला. लाकूड जळताना होतो तसा आवाज येत होता. मी हॅलो म्हणत राहिलो. मग लाइनही गेली.

बाईंनी सांगितलं ते लिहून ठेवतो. "तो म्हणाला, घर पेटलंय. तळघरात जखमी आहेत. तुम्ही येत असाल तर तोवर घर सोडत नाही. येत नसाल तर पांढरी चादर लावतो, पोरांना बाहेर काढतो, हात वर करतो. एवढंच विचारायचं होतं त्याला. मी सांगितलं, तुझा भाऊ छपरावर आहे, तुझ्याशीच बोलायचा प्रयत्न करतोय. तो हसला. म्हणाला, मग त्याला घाई करू नका, मी थांबतो."

मी त्यांना म्हणालो की माझ्याकडे उत्तर होतं. खिशातून कागद काढून दाखवला. त्यांनी तो वाचला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. आज सूप वाढलं नाही.

२४ सप्टेंबर, रविवार

अलायडा बाई जिवंत आहेत. शेजाऱ्यांनी तळघरातून काढलं. आज इस्पितळातून त्यांचा बहिणीला फोन आला.

टोबी त्यांच्या हॉलमध्ये उभा होता, रिसीव्हर कानाला. त्या म्हणाल्या, खाली चल, छप्पर पडेल. तो म्हणाला, एक मिनिट, भाऊ येतोय फोनवर. मग छप्पर पडलं. तळघरातल्या जखमींना पुढे जर्मनांनीच बाहेर काढलं. सगळ्यांना नाही. चादर आधी लावली असती तर सगळ्यांना काढलं असतं.

मी बाईंना म्हणालो, कळवल्याबद्दल आभारी आहे. मग मी त्यांच्या जिन्यात बसून रडलो. ऑग्डेन शेजारी येऊन बसला आणि उगाचच पॉलिशने माझी बटणं घासत राहिला. थांब म्हणून मला सांगवेना.

२७ सप्टेंबर, बुधवार. नदीपलीकडे

परवा नदी ओलांडून परत आलो. बुटांना चिंध्या बांधून, पुढच्याच्या अंगरख्याचं टोक धरून. जितके गेलो होतो त्यातले बहुतेक तिकडेच राहिले.

निघताना ब्रुमेलकांप बाईंची मी खिडक्यांबद्दल माफी मागितली. छपराबद्दल आणि कोबीबद्दलही. त्या म्हणाल्या, "तुम्ही फार सभ्य लोक आहात, कॅप्टन. तुमच्याइतकं सभ्य कोणी आता माझ्या घरी येऊ नये." कमानी हिरवळीवरच राहिल्या.

४ ऑक्टोबर, बुधवार. लिंकनशायर

मोहीम का फसली याची आज चौकशी झाली. लांब टेबल, हिरवं कापड, तीन वरिष्ठ अधिकारी. हवामान वाईट होतं असं ठरत आलं होतं. मग माझी पाळी आली.

"पुलाशी संपर्काचं काही साधन होतं का, कॅप्टन?"

"होतं, सर."

कर्नल फेअरब्रास खोकले.

"कुठे?"

"हॉलमध्ये, सर. भिंतीला. शेवटपर्यंत चालू होतं. माझ्याकडे पुलासाठी निरोप होता, आणि मी त्यावर नासपतींबद्दल बोललो."

अध्यक्षांनी अगदी मायेने विचारलं, "म्हणजे मान्यता असलेलं साधन नव्हतं?"

"नाही, सर. मान्यता नव्हती."

"मग तसंच लिहू." त्यांनी लिहिलं: पुलाशी संपर्क नाही. "तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं, प्रॉथेरो. जेवायला थांबाल ना?"

थांबलो. बरं दिसलं नसतं.

दुपारी आईला टेलिफोन केला. तिला सरकारी तार मिळाली आहे, टोबी बेपत्ता म्हणून.

"बेपत्ता म्हणजे सापडेल," आई म्हणाली. "तुझं बोलणं झालं होतं त्याच्याशी?"

"झालं होतं."

"काय म्हणाला?"

"नासपती उतरवल्या का विचारत होता. वरच्या त्याच्यासाठी ठेवायला सांगितल्यात."

"ठेवल्यात म्हणून सांग त्याला. पिकून पडायला लागल्यात. लवकर ये म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. आई म्हणाली, बरं, तुझं काम असेल, ठेवते. आणि मी रिसीव्हर तसाच धरून उभा राहिलो.

एक्स्चेंजवरच्या मुलीने विचारलं, "झालं का बोलून, सर?"

आमच्याकडे या प्रश्नाला हो म्हणतात, उगाच कोणाला त्रास नको.

"नाही," मी म्हणालो. "परत जोडून द्या. निरोप द्यायचा राहिलाय."

घंटी वाजत राहिली. आई बहुधा मागच्या दारी पोचली होती. शेवटी उचलला, धापा टाकत.

"आई," मी म्हणालो, "नासपती उतरव सगळ्या. कोणी येणार नाही."